आकड्यामागचा माणूस

माणसाला आकड्यात बसविणे माणुसकीला धरून आहे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी पुस्तकी वाटतो. परंतु आमच्या धर्मग्रामातील काही घरांत तो रात्रीच्या जेवणाच्या वेळी विचारला गेलेला आम्ही ऐकला आहे. घरातील मुलगी परिचारिका होते, काही वर्षे रुग्णालयात राबते आणि पुढे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमाला जाते. तेथे पहिल्याच सत्रात जीवसांख्यिकी नावाचा विषय तिच्यापुढे उभा राहतो. सरासरी, विचलन, नमुना, संभाव्यता या शब्दांची तिला धास्ती वाटू लागते. आई विचारते, ‘तू आजाऱ्यांची सेवा करायला गेलीस की वाण्याची चोपडी लिहायला?’ मुलीच्याही मनात तेच असते. रात्री-अपरात्री तापाने फणफणणाऱ्या माणसाच्या कपाळावर ज्या हातांनी ओली पट्टी ठेवली, त्याच हातांनी आता त्याचे नाव गाळून त्या जागी एक क्रमांक लिहायचा, हे तिला खटकते.

अशाच एका विद्यार्थिनीबरोबर आम्ही गेला पावसाळाभर तिचे प्राथमिक पुस्तक वाचले. गुरुकुलात आम्ही तर्कशास्त्र शिकलो होतो. विधान, हेतू, अनुमान यांची ओळख होती. परंतु जे निश्चित नाही त्याविषयी प्रामाणिकपणे कसे बोलावे, याचेही एक शास्त्र असते, हे त्या पुस्तकाने शिकविले. गणित तेथे आहेच, पण ते आठवी-नववीच्या पुढे फारसे जात नाही. खरी अवघड बाब निराळी आहे. त्या विषयाचे प्रत्येक प्रकरण शेवटी एका नैतिक प्रश्नाशी येऊन थांबते. मोजताना कोणाला वगळले? दोष कोणाच्या माथी मारला? कोणाला उपचार दिला आणि कोणाला दिला नाही? हे प्रश्न परीक्षेत विचारले जात नाहीत. म्हणूनच त्यांचा विचार अन्यत्र व्हावयास हवा, असे आम्हांस वाटते.

अंश आणि छेद

या शास्त्राचा उगम कोठे आहे, हे समजल्यावर आम्हांला मोठे नवल वाटले. तो प्रयोगशाळेत नसून धर्मग्रामांच्या वह्यांत आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मग्रामात विवाहांची आणि स्नानसंस्कारांची नोंदवही ठेवण्याचा दंडक घातला. इंग्लंडमध्येही सोळाव्या शतकापासून प्रत्येक चर्चमध्ये अशा वह्या होत्या आणि लंडनच्या धर्मग्रामांचे कारकून दर आठवड्याला मृतांची यादी प्रसिद्ध करीत. लोक ती यादी वाचत ते प्लेगच्या भीतीने, व आठवडा उलटला की टाकून देत. जॉन ग्राँट नावाच्या एका कापड-दोऱ्याच्या व्यापाऱ्याने मात्र अनेक वर्षांच्या याद्या जमविल्या, एकापुढे एक मांडल्या आणि १६६२ साली त्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. जन्मलेल्या शंभर मुलांपैकी छत्तीस मुले सहा वर्षांची होण्यापूर्वीच मरण पावतात, असा अंदाज त्याने मांडला. लंडनमधील प्रत्येक आईला आपले मूल गेल्याचे ठाऊक होते. परंतु एक तृतीयांशाहून अधिक मुले अशी जातात, हे ग्राँटने मोजेपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते.

येथे अंश आणि छेद यांतील भेद ध्यानात घ्यावा. ‘तालुक्यात पन्नास बालके दगावली’ हा अंश झाला. तेवढ्याने काहीच कळत नाही. ती एक हजार जन्मांपैकी पन्नास की दहा हजारांपैकी, हे सांगणारा छेद हवा. वृत्तपत्रे बहुधा अंश छापतात, कारण अंशात सनसनाटी असते. छेद शोधायचा तर घरोघरी जावे लागते. जी बाळे जगली, ज्या घरी काहीच अघटित घडले नाही, त्यांचीही नोंद करावी लागते. म्हणून छेद मोजणे हे कष्टाचे आणि बिनगौरवाचे काम आहे.

त्यातही केवळ छेद पुरत नाही, त्याच्या पोटात काय आहे तेही पाहावे लागते. २०१९ सालच्या नमुना नोंदणीनुसार केरळचा ढोबळ मृत्युदर हजारी ७.१ होता, तर देशाचा ६.०. मग केरळचे लोक अधिक रोगट म्हणावयाचे काय? मुळीच नव्हे. त्याच वर्षी हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बालके केरळात ६ होती आणि देशात ३०. केरळात मृत्युदर अधिक दिसतो तो तेथील माणसे दीर्घकाळ जगतात म्हणून; लोकसंख्येत वृद्ध अधिक, म्हणून मृत्यूही अधिक. वयाचा विचार न करता दोन राज्यांची, दोन गावांची किंवा दोन रुग्णालयांची तुलना करणे हा केवळ गणिती दोष नव्हे, तो अन्याय आहे. ज्या रुग्णालयात अत्यवस्थ रुग्ण येतात, तेथेच अधिक रुग्ण मरतात. तेवढ्यावरून त्याला वाईट म्हणणे म्हणजे कठीण काम पत्करणाऱ्यालाच शिक्षा करणे होय.

आणि ज्यांची नोंदच झाली नाही त्यांचे काय? २००१ साली डॉ. अभय बंग व महाराष्ट्रातील काही स्वयंसेवी संस्था यांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल सादर केला. त्यांनी गावे व झोपडपट्ट्या निवडून प्रत्यक्ष मोजणी केली आणि सरकारी दप्तरात नोंदलेल्या बालमृत्यूंपेक्षा खरे मृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे दाखविले. बाळ घरी जन्मले, दोन दिवसांत गेले, बारसेही झाले नव्हते. त्याची नोंद कोण करणार? ज्याचा जन्म लिहिला नाही त्याचा मृत्यूही लिहिला जात नाही. अशा बाळासाठी शासनाच्या अंदाजपत्रकात एक पैसाही ठेवला जात नाही, कारण कागदोपत्री ते कधी आजारी पडलेच नव्हते.

माणसाला आकडा करणे हा त्याचा अपमान आहे, असे आपण सहज म्हणतो. परंतु आकड्यातही न धरणे हा त्याहून मोठा अपमान आहे. धर्मग्रामाच्या वहीत एका अर्भकाच्या दफनाची ओळ लिहिताना आम्हांला आता ही गोष्ट अधिक तीव्रतेने जाणवते.

दोन कक्ष

तुलना हे या शास्त्राचे दुसरे अंग. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे एकोणिसाव्या शतकातील व्हिएन्नाचे मोठे रुग्णालय. तेथे बाळंतिणींचे दोन कक्ष होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. एक दिवस पहिल्या कक्षात प्रवेश, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यात, असा क्रम होता. १८४६ साली पहिल्या कक्षात ४,०१० प्रसूती झाल्या व ४५९ बाया मरण पावल्या, म्हणजे शंभरी अकराहून अधिक. दुसऱ्या कक्षात ३,७५४ प्रसूतींत १०५ मृत्यू झाले, म्हणजे शंभरी तीनहूनही कमी. शहरातील गरीब स्त्रियांना हे केव्हाच कळले होते. पहिल्या कक्षात नेऊ नका म्हणून त्या हात जोडून विनवीत. त्यांच्या बोलण्याला कोणी किंमत दिली नाही.

इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने ते आकडे समोर ठेवून एकेक कारण तपासले. गर्दी? दुसऱ्या कक्षात अधिक होती. हवा, आहार? दोन्हीकडे सारखेच. मार्च १८४७ मध्ये त्याचा एक सहकारी शवविच्छेदन करताना सुरी लागून मरण पावला आणि त्याची लक्षणे बाळंतिणींसारखीच होती. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीच्या कामाला येत. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. मे महिन्यात सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. १८४८ साली पहिल्या कक्षातील मृत्यूचे प्रमाण शंभरी १.२७ वर आले, दुसऱ्या कक्षातील १.३३ होते.

तरीही अनेक नामवंत डॉक्टरांनी ते मानले नाही. आपल्याच हातांनी मरण वाहून नेले, हे मान्य करणे त्यांना जड गेले. आकडा खोटा नव्हता; तो ऐकण्याची तयारी नव्हती. एका गोष्टीची मात्र नोंद घ्यावी. त्या गरीब स्त्रियांचे विनवणे आणि सेमेलवाइसचे कोष्टक एकच सत्य सांगत होते. स्त्रियांचे बोलणे ‘बायकांची भीती’ म्हणून झटकता आले. कोष्टक तितक्या सहजपणे झटकता येईना. दुर्बलाचा अनुभव सबळाच्या दप्तरात शिरतो तो पुष्कळदा आकड्याच्याच रूपाने.

याच्या विरुद्ध बाजूने आलेला एक गंभीर आक्षेपही आम्ही वाचला, आणि तो टाळता येण्याजोगा नाही. पॅरिसच्या पिएर लुई या वैद्याने १८३५ साली रक्त काढण्याच्या उपचारावर मोजणी करून दाखविली. फुफ्फुसदाहाच्या ज्या ४१ रुग्णांचे रक्त पहिल्या चार दिवसांत काढले त्यांतील १८ मेले. ज्या ३६ जणांचे उशिरा काढले त्यांतील ९ मेले. ज्या उपचारावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवला गेला तो मानला जात होता तितका गुणकारी नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर १८३७ साली वैद्यक अकादमीत रिस्वेन्यो दामादोर या प्राध्यापकाने हरकत घेतली. वैद्यापुढे खाटेवर पडलेला असतो तो एक माणूस, सरासरी नव्हे. बहुसंख्यांना काय होते यावरून या एकाचे काय करावे ते ठरविणे म्हणजे या एकाला विसरणे, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता.

या हरकतीत तथ्य आहे. आमच्याकडे जे लोक येतात ते एकेकटे येतात, आणि कोणाच्याही दुःखाची सरासरी काढता येत नाही. परंतु दामादोरच्या बाजूने उभे राहिल्यास एक अडचण येते. त्या एका रुग्णाचे रक्त काढणारा वैद्यही अखेर पूर्वीच्या रुग्णांच्या आठवणीवरच विसंबून असतो. तोही मोजतच असतो, फक्त मनातल्या मनात, जे बरे झाले त्यांना लक्षात ठेवून आणि जे गेले त्यांना विसरून. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि आपण कावळ्याला दोष देतो, किंवा त्याचा जयजयकार करतो. लुईने एवढेच केले की हा मनातला हिशेब कागदावर आणला, जेणेकरून दुसऱ्याला तो तपासता यावा. त्या एका माणसाविषयी ज्याला खरी आस्था आहे, त्याने पूर्वीच्या शंभर जणांचे काय झाले हे प्रामाणिकपणे पाहिलेच पाहिजे.

शितावरून भात

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण म्हणजे नमुना निवडण्याचे अवघे तत्त्व होय. परंतु ती खरी ठरते ती भात सारखा शिजलेला असतो म्हणून. समाज हा सारखा शिजलेला भात नव्हे. सर्वेक्षण करणारा माणूस डांबरी रस्त्यालगतची, दार उघडे असलेली, चहा विचारणारी घरे तेवढी करून गेला, तर डोंगराच्या पायथ्याचा पाडा राहून जातो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले कुटुंब राहून जाते. जे राहून जातात त्यांचेच आजार अधिक असतात. म्हणून शास्त्र सांगते की चिठ्ठ्या टाका. कोणत्या घरी जायचे हे तुमच्या सोयीने वा पसंतीने ठरवू नका. प्रत्येक घराला विचारले जाण्याची ठरलेली संधी मिळावी. वरकरणी ही निव्वळ तांत्रिक अट वाटते, परंतु तिच्या मुळाशी समतेची कल्पना आहे.

सरासरीच्या वापराविषयी आपल्या महाराष्ट्रातच एक मोठा वाद झाला, तो या संदर्भात स्मरणीय आहे. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावर आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. दर माणशी दिवसाला २,२५० उष्मांक मिळावेत, हा त्यांनी दारिद्र्याचा निकष धरला. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्यास हरकत घेतली. सरासरी गरज म्हणजे किमान गरज नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. निरोगी माणसांतही निम्मे लोक सरासरीपेक्षा कमीच खातात; त्या सर्वांना उपाशी म्हणता येणार नाही. उलट पक्षाची भीती अशी की रेषा खाली आणली तर कागदावरची भूक कमी होईल आणि पोटातली तशीच राहील. दोन्ही बाजूंना विद्वान व तळमळीची माणसे होती. आम्हांला त्यातून एवढेच दिसते की रेषा कोठे ओढावयाची हे गणित एकट्याने ठरवीत नाही. रेषा ओढणाऱ्याने कोणत्या चुकीला आपण अधिक भितो, हे आधी सांगितले पाहिजे.

या शास्त्राचा आणखी एक गुण असा की ते आपल्या अज्ञानाची मर्यादा लपवीत नाही. समजा, एका पाड्यावर वर्षभरात वीस बाळे जन्मली आणि एक दगावले. पुढील वर्षी वीसच जन्मली आणि दोन दगावली. ‘बालमृत्यू दुप्पट’ असा मथळा देता येईल आणि तेथील आरोग्यसेविकेला कारणे दाखवा नोटीसही काढता येईल. परंतु एवढ्या लहान संख्येत असा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. म्हणून सांख्यिकीचा प्रामाणिक विद्यार्थी आकडा देताना, तो किती खाली वा वर असू शकेल, तेही सोबत लिहितो. निंदा आणि स्तुती या दोन्हींच्या बाबतीत असा संयम आपण पाळला तर किती कलह टळतील! मात्र त्याने हेही विसरू नये की ज्याला तो योगायोग म्हणतो ते दुसरे बाळ एका आईचे होते. तिच्या अंगणात उभे राहून योगायोगाची भाषा बोलू नये. तेथे नुसते बसावे.

संशय आणि निवाडा

आता एक लहानसे गणित वाचकांनी स्वतः करून पाहावे. समजा, दहा हजार वस्तीच्या गावात शंभर जणांना एक रोग आहे. तपासणी चांगली आहे. शंभर रोग्यांपैकी नव्वद जणांना ती बरोबर पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी पाचांनाच चुकीने रोगी म्हणते. साऱ्या गावाची तपासणी केली. किती जणांना ‘रोग आहे’ असे उत्तर येईल? खरे रोगी नव्वद. उरलेले ९,९०० निरोगी; त्यांतील शंभरी पाच म्हणजे ४९५. एकूण ५८५ जणांच्या हाती रोगाची चिठ्ठी पडली, आणि त्यांतील खरे रोगी नव्वदच. म्हणजे सातांतील जवळजवळ सहा जण निरोगी आहेत!

तपासणी वाईट नव्हती. रोग दुर्मीळ होता, एवढेच. ही गोष्ट ज्याला कळली तो आरोग्यसेवक पहिल्या चिठ्ठीवरून कोणाच्या कपाळी शिक्का मारीत नाही; दुसरी, अधिक नेमकी तपासणी होईपर्यंत थांबतो आणि तोंड बंद ठेवतो. क्षय, कुष्ठ, एचआयव्ही यांची नुसती कुजबुज झाली तरी आपल्या गावांत लग्ने मोडतात, भांडी वेगळी होतात. सुक्याबरोबर ओलेही जळते. हे गणित रोगापुरतेच नाही. चोरी असो वा चारित्र्य, अपराधी थोडे आणि संशयाची लक्षणे सर्वत्र अशी स्थिती असेल, तेव्हा संशयावरून धरलेल्यांत निरपराधच अधिक निघतात. संशयाला निवाडा मानू नये, हा उपदेश आम्ही अनेकदा केला आहे. त्यामागे असे रोखठोक गणित उभे आहे, हे या पुस्तकाने आम्हांला दाखविले.

तुलनागटाचा प्रश्न

येथवर ती विद्यार्थिनी आमच्याशी सहमत होती. मग पुस्तकात गडचिरोलीच्या प्रयोगाचे प्रकरण आले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत राबविली. गावातीलच स्त्रियांना शिकवून तयार केले. त्या बाळाचे वजन घेत, त्याला ऊब देत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध व इंजेक्शन देत. तुलनेसाठी दुसरी ४७ गावे होती. तेथे नेहमीच्या सरकारी सेवा तेवढ्या चालू राहिल्या. तिसऱ्या वर्षी, जन्मापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण ३९ गावांत हजारी २५.५ होते आणि ४७ गावांत ५९.६. हा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला.

तिने पुस्तक मिटले आणि विचारले, ‘फादर, त्या सत्तेचाळीस गावांतल्या बाळांचं काय?’

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. हा प्रश्न या शास्त्राइतकाच जुना आहे. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ५५ रुग्णांना औषध व विश्रांती, ५२ जणांना केवळ विश्रांती. कोणाला काय, हे चिठ्ठ्यांवर ठरले. सहा महिन्यांत पहिल्या गटातील चार मरण पावले, दुसऱ्या गटातील चौदा. औषध इतके तुटपुंजे होते की सर्वांना देणे शक्यच नव्हते. तेव्हा वशिल्याने वाटण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकणे अधिक न्याय्य, हे म्हणणे पटते. परंतु केवळ विश्रांती दिलेल्या त्या ५२ जणांना आपण अशा प्रयोगात आहोत, हे सांगितलेच नव्हते. ते आज कोणी योग्य मानणार नाही.

याउलट मद्रासचा प्रयोग पाहावा. १९५६ साली तेथे सुरू झालेल्या अभ्यासात क्षयाच्या १९३ गरीब रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात व काहींना घरी ठेवून तीच औषधे दिली गेली. दाटीवाटीच्या घरांतील रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि घरातील इतरांना रोग होण्याचा धोका वाढला नाही. आरोग्यधामातील खाट ज्यांच्या नशिबी नव्हती अशा लाखो गरिबांना उपचाराचा हक्क मिळाला तो या तुलनेमुळे.

आणि तिसरे उदाहरण अमेरिकेतील टस्कीगीचे. १९३२ पासून उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता रोग कसा वाढतो, हे नुसते पाहण्यात आले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हे खात्रीचे औषध हाती आले, तरी ते त्यांना देण्यात आले नाही. १९७२ साली वृत्तपत्रांतून वाच्यता झाली तेव्हा ते थांबले. तेथेही तक्ते होते, तुलनागट होता, मोजणी होती. विवेक तेवढा नव्हता.

या तीन उदाहरणांवरून आमच्या मनाशी काही कसोट्या ठरल्या. तुलना करण्याचा अधिकार आहे तो खऱ्या अज्ञानाला. कोणता उपाय बरा, हे जोवर प्रामाणिकपणे ठाऊक नाही तोवरच तुलना करावी. ठाऊक असताना अज्ञानाचे सोंग घेणे हे पाप आहे. ज्यांच्यावर प्रयोग होतो त्यांना तो समजावून सांगून त्यांची संमती घ्यावी, आणि जे त्यांना एरवी मिळाले असते त्यातले काही काढून घेऊ नये. आणि उत्तर हाती आल्यावर ते कपाटात न ठेवता, ज्यांच्यामुळे ते मिळाले त्यांच्यासारख्यांच्या दारी आधी पोहोचवावे.

गडचिरोलीत पहिली अट पाळली गेली, असे आमचे मत आहे. नवजात बाळाच्या जंतुसंसर्गावर रुग्णालयातच उपचार व्हावेत, असा तेव्हाचा जाणकारांचा ग्रह होता. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीने इंजेक्शन देणे सुरक्षित ठरेल की घातक, हे कोणाला ठाऊक नव्हते. तुलना केली नसती तर या पद्धतीचे यश कोणीही मान्य केले नसते. बाळे यंदा आपोआपच कमी दगावली, असेच म्हटले गेले असते. हे आम्ही तिला सांगितले. तिला ते पटले. पण तिच्या डोळ्यांतला प्रश्न तसाच राहिला, आणि तो राहावा असेच आम्हांला वाटते. ५९.६ आणि २५.५ या दोन आकड्यांतील वजाबाकी चौतीस येते. हजारी ती चौतीस बाळे कोणाची तरी होती. ती गावे दोषी नव्हती, संशोधकही दोषी नव्हते. तरीही आपण सारे त्या गावांचे ऋणी आहोत. जे ज्ञान आपण आज सहज वापरतो त्याची किंमत कोठेतरी कोणीतरी मोजलेली असते. सांख्यिकी आपल्याला ती किंमत नेमकी किती, ते सांगते. ती फेडणे हे तिचे काम नव्हे. ते आपले आहे.

२०११ साली भारत सरकारने घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. आज आपल्या गावातील आशा कार्यकर्ती रुग्णालयातून घरी आलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटते. घरीच जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवशीही. तिच्या पिशवीत वजनकाटा असतो, तापमापक असतो आणि भरावयाचा एक तक्ता असतो. पुष्कळ घरांत तिला उंबऱ्यावरूनच ‘बाळ बरं आहे’ म्हणून परतविले जाते. कोणी वजन खोटे सांगतो, कोणी गेलेल्या बाळाविषयी बोलणे टाळतो. वाचकांना आमची विनंती आहे की तिला आत बोलवावे, बसायला पाट द्यावा, बाळ तिच्या काट्यावर ठेवावे आणि विचारील ते खरे सांगावे. आणि ज्या घरच्या मुली हा विषय शिकत आहेत त्या आयांनी लेकीला वाण्याच्या चोपडीवरून चिडवू नये. त्या चोपडीत आपल्याच शेजारच्या पाड्यावरचे, अजून नाव न ठेवलेले एक बाळ लिहिले जाणार आहे. ते तिने नीट लिहावे.